गच्चीवरचे साडेपाच मैल

टेप उरली. उरायला नको होती. दमयंती जिन्याच्या दाराशी उकिडवी बसली होती आणि हातातल्या रोलकडे पाहत होती. पांढरी, रुंद टेप. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला छापलं होतं, पन्नास मीटर. आखातातलं युद्ध सुरू झाल्याचा आज सातवा दिवस. संध्याकाळनंतर दिवे लावायचे नाहीत असा हुकूम होता, आणि अंधारात कपडे काढायला वर येणाऱ्या मुली पाण्याच्या पाइपांना अडखळू नयेत म्हणून कठड्यापासून एक पाऊल आत गच्चीभर पांढरी पट्टी चिकटवा, असं मेट्रननं सांगितलं होतं. हे काम दमयंतीनं आपणहून मागून घेतलं. गच्चीचा घेर तिला ठाऊक होता, त्रेसष्ट मीटर, म्हणून तिनं दोन रोल आणले. पहिला रोल तिसऱ्या कोपऱ्यानंतर संपेल, तिथं दुसरा जोडायचा, असा हिशेब होता. पण पहिल्याच रोलनं चारही कोपरे घेतले, पट्टी जिन्याच्या दाराशी येऊन आपल्याच शेपटाला मिळाली, आणि तरी रोल जड होता. तिनं उरलेली टेप उलगडून लॅबच्या फूटपट्टीनं मोजली. आठ मीटर. पन्नासातून आठ गेले बेचाळीस. रोलवरचा आकडा चुकीचा असेल म्हणून गच्चीची अरुंद बाजू फूटपट्टी सरकवत सरकवत मोजली. तीही आठच भरली. तिच्या जुन्या मापानं ती बारा होती. मग ती उठली, पंजाबी ड्रेसच्या गुडघ्यांवरची धूळ झटकली, आणि जिना उतरू लागली.

सौदी अरेबियातल्या तबूकच्या त्या सरकारी इस्पितळात ती तीन वर्षांपूर्वी बायोकेमिस्ट म्हणून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं ही गच्ची मोजली होती. बायकांच्या वसतिगृहाला, इथल्या भाषेत सकनला, बाहेर पडायचं एकच दार होतं आणि त्यातून आठवड्यातून एकदा बाजाराची बस सुटे. रस्त्यावर बाईनं धावणं तर सोडाच, एकटीनं चालणंही शक्य नव्हतं. गच्ची मात्र मोकळी होती. कठडा पुरुषभर उंचीचा, बाहेरून कुणाला आत दिसू नये म्हणून बांधलेला. त्यामुळं आतूनही बाहेरचं काही दिसत नसे, फक्त वर आभाळ, आणि हल्ली त्यातून हवाई तळावरची विमानं. मोजायला फीत हवी तर ती देखभालीच्या गोदामात होती, आणि गोदामातून काही मागायचं तर अर्जात कारणाचा रकाना अरबीत भरावा लागे. धावण्यासाठी, असं तिथं कसं लिहायचं? म्हणून खोलीतल्या मैमुनानं वॉर्डातून तिला क्रेप बँडेजची एक गुंडाळी आणून दिली होती. पाकिटावर लांबी लिहिलेली, साडेचार मीटर. दमयंतीनं ती जमिनीवर अगदी अलगद अंथरली, कुठं ओढली जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांवर वह्या ठेवल्या. ताणलं जाणारं काहीही मोजताना ताणायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. चौदा वेळा बँडेज बसलं. चौदा साडेचारी त्रेसष्ट.

आता खोलीत येऊन तिनं ट्रंकेच्या तळातून ते पाकीट काढलं. दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली होती, तिच्यावरून पाय ओलांडून ती खिडकीपाशी उजेडात गेली. खिडकीच्या फटी विषारी वायूच्या धास्तीनं खाकी टेपनं बुजवलेल्या होत्या. साडेचार मीटरच्या खाली, चष्मा कपाळावर चढवून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात, एक शब्द होता. ताणल्यावर. ताणल्यावर साडेचार मीटर. न ताणता ते बँडेज तीनच मीटर भरत असणार. चौदा त्रिक बेचाळीस. उत्तर जुळलं तसं तिला एक क्षण बरंसुद्धा वाटलं, चूक सापडली की वाटतं तसं. रोज सकाळी पेशंटांचे नमुने लावण्याआधी ती कंट्रोल लावी, आधीच उत्तर ठाऊक असलेलं सीरम. ते बरोबर आलं तरच पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. पंधरा वर्षांत तो नेम एकदाही चुकला नव्हता. गच्चीला मात्र तिनं कंट्रोल लावला नव्हता. मग बरं वाटणं ओसरलं. म्हणजे मी पोचलेच नव्हते, ती मनाशी म्हणाली. एकदाही नाही.

कारण गच्चीवर ती गच्चीवर धावत नसे. आठवड्यातून चार दिवस, ड्यूटी संपल्यावर, ती मनानं डरममध्ये धावे. इंग्लंडच्या उत्तरेकडचं ते एवढंसं जुनं गाव. गाव कसलं, शहरच म्हणायचं, कारण टेकडीवर कॅथेड्रल होतं आणि नदी त्या टेकडीला तीन बाजूंनी वळसा घालून जाई. एकोणीसशे त्र्याऐंशीत तिथल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये ती वर्षभराच्या शिष्यवृत्तीवर गेली होती. घरमालकीण मिसेस रॉबसन, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, नवरा वारल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी धावू लागल्या होत्या, नवऱ्याचाच जुना क्रिकेटचा स्वेटर घालून. पहिल्या रविवारी त्यांनी दमयंतीला मुलाची ट्रॅकपँट दिली आणि म्हणाल्या, माझ्या मागं राहायचं, बोलायचं नाही, आणि नदी दिसतेय तोवर चुकायची भीती नाही. शाळेतल्या खो-खोनंतर दमयंती कधी धावली नव्हती. एल्वेटच्या पुलावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावून निघायचं, खाली नदीकाठानं मैदानाच्या कडेनं जायचं, मग शिंक्लिफचा पूल, मग शेतांतली चिखलाची वाट, फाटक, आणि मग रान. रानातली चढण लांब होती. बीचच्या झाडांखाली उन्हाळ्यातही ओल असे, आणि वसंतात रानलसणाचा असा वास की तिला फोडणीची आठवण व्हावी. रान संपलं की गल्ली, गल्ली संपली की वेधशाळेची टेकडी, आणि टेकडीच्या माथ्यावर पोचताच समोर, एकदम, काही सूचना न देता, कॅथेड्रल. मग उतार, दगडी पूल, कॅथेड्रलच्या पायथ्याची नदीकाठची पायवाट, बाजाराचा चौक, आणि परत एल्वेटचा खांब. खांबाला हात लावल्याशिवाय मिसेस रॉबसन धावणं संपलं असं मानत नसत. नवऱ्याच्या सायकलला मापक लावून त्यांनी हा रस्ता मोजला होता. साडेपाच मैल. आठ हजार आठशे वीस मीटर धरले तर गच्चीच्या बरोबर एकशे चाळीस फेऱ्या. कितव्या फेरीला काय लागतं ते दमयंतीनं आलेखाच्या कागदावर मांडलं होतं. दर दहा फेऱ्यांना एक चिमटा कपड्यांच्या एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर. चौदावा चिमटा लावायचा आणि जिन्याच्या दाराच्या कडीला हात लावायचा. पोचलो.

आता बेचाळीसनं गुणलं तर एकशे चाळीस फेऱ्यांचे पाच हजार आठशे ऐंशी मीटर होत होते. दोन प्रकारे पाहता येत होतं. एक तर गेली तीन वर्षं तिचं सगळं डरम दोनतृतीयांश झालं होतं: नदी आखूड, रान आखूड, टेकडी बुटकी. किंवा सगळं आपापल्या जागी होतं आणि ती रानातल्या चढणीवरच थांबत होती, झाडांमध्ये, कुठलं तरी खोड धरून, आणि त्यालाच खांब म्हणत होती. गणिताच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. पण तिला दुसरंच खरं वाटलं. थांबून थांबून तिथं पाय किती ओले झाले असतील, असंही वाटलं.

ती दुपार तशी स्वस्थ होती. लॅबची तिची ड्यूटी सहाला होती, म्हणजे असती. कारण सव्वाचारला जेद्दाला जाणारी बस सुटणार होती आणि त्या बसमध्ये तिची जागा होती. इस्पितळानं घरी जाऊ इच्छिणाऱ्यांची यादी केली होती. यादीत सही केली की पासपोर्ट हातात मिळे. नवऱ्याला, बाळकृष्णाला, तिनं शुक्रवारी फोनवर ‘बघते’ म्हटलं होतं, आणि त्यांच्या घरात ‘बघते’ म्हणजे हो असं सोळा वर्षांत ठरून गेलं होतं. बाळकृष्ण मिरजेत शाळेत चित्रकला शिकवी. घरी फोन नव्हता, खालच्या औषधांच्या दुकानात होता, त्यामुळं तो नेहमी थोडं मोठ्यानं आणि थोडं परक्यासारखं बोले. शुक्रवारी मात्र हळू बोलला होता. ‘मी मुंबईला येऊन उभा राहतो. दिवस सांगू नकोस, कळला नाही तरी चालेल. रोज विमानतळावर येईन.’ तो कधी ओरडला नव्हता, कधी अडवलं नव्हतं. डरममध्येही त्याचं पत्र आलं होतं ते असंच, साध्या निळ्या शाईत: आई पडल्या, खुबा मोडलाय, तुला जमेल तसं बघ. शिष्यवृत्तीचे सहा आठवडे उरले होते. तिच्या प्रयोगाचे तीन बिंदू उरले होते, आलेखाच्या वरच्या टोकाचे. तिनं बघितलं आणि निघाली. पत्राला बारा दिवस लागले होते, तिकिटाला नऊ. ती मिरजेला पोचली तेव्हा सासूबाई काठी टेकून अंगणात बसल्या होत्या, समोर मेथीची जुडी, आणि नणंद सुखदानं सगळं घर सांभाळलेलं. कुणी खोटं बोललं नव्हतं. सासूबाई तिला पाहून म्हणाल्या, ‘अगं, एवढ्यासाठी कशाला आलीस!’ आणि त्यातही खोटं काही नव्हतं. ते तीन बिंदू दुसऱ्या कुणीतरी पुरे केले. छापलेल्या लेखाच्या शेवटी, आभारांच्या ओळीत, तिचं नाव होतं. निघाली त्या दिवशी डरमहून गाडी सुटली की पुलावरून सगळं शहर दिसतं, कॅथेड्रलसकट, असं मिसेस रॉबसननी दोनदा बजावलं होतं. पण तेवढ्यात ती पर्समध्ये तिकीट शोधत होती, आणि मान वर केली तोवर खिडकीत हिरवी शेतं होती.

दमयंतीला ताणायला आवडत नाही, असं माहेरी आई कौतुकानं म्हणायची. भांडण, हट्ट, दोरी, शब्द, काहीच. मूल झालं नाही तेव्हाही तिनं डॉक्टरांच्या फेऱ्या फार लांबवल्या नाहीत. जे आहे ते अलगद अंथरायचं, टोकांवर वह्या ठेवायच्या, आणि जे माप येईल ते आपलं.

तीन वाजता तिनं बॅगेच्या वरच्या कप्प्यातून कॅनव्हासचे बूट काढले.

गच्चीवर जानेवारीचं ऊन होतं, तबूकचं, ज्याला रंग असतो पण ऊब नसते. तिनं डोक्याला ओढणी घट्ट बांधली, दाराच्या कडीला हात लावला आणि निघाली. आता पायाखाली पांढरी पट्टी होती. आजवर ती अंदाजानं त्याच रेषेवरून धावत होती, हे पट्टी पाहून कळत होतं; सिमेंट तिथं जरा गुळगुळीत झालेलं. पहिल्या दहा फेऱ्या नेहमीसारख्याच जड. पण आज नदी संपेना. जिथं शिंक्लिफचा पूल यायचा तिथं तो आला नाही, तिनं येऊ दिला नाही. आणि त्या वाढलेल्या काठावर तिला न मागता गोष्टी दिसू लागल्या: पाण्यात अर्धं बुडालेलं, शेवाळ धरलेलं बाक, वल्ही मारणाऱ्या पोरांवर काठावरून सायकल चालवत ओरडणारा म्हातारा, मिसेस रॉबसनच्या स्वेटरच्या कोपरावरचं वेगळ्या लोकरीचं ठिगळ. हे सगळं तीन वर्षं घडीत राहिलं होतं. वरून एकामागून एक चार विमानं गेली आणि आवाज छातीच्या पिंजऱ्यातून आरपार गेला. पहिल्या दिवशी त्या आवाजानं लॅबमधल्या काचेच्या नळ्या स्टँडमध्ये किणकिणल्या होत्या आणि सुदानी डॉक्टर अरवा तिच्याकडे पाहून म्हणाली होती, ‘आता आपण दोघी, आणि हे मशीन.’ सहा जणांच्या लॅबमधले चौघे तोवर गेले होते. डॉक्टर अरवाला परतायला घर उरलं नव्हतं, की ती सांगत नव्हती, दमयंतीनं कधी विचारलं नाही. ‘मी बुधवारी जातेय’ हे तिनं अरवाला परवा सांगितलं तेव्हा अरवानं फक्त मशीनची किल्ली कुठं असते ते विचारून घेतलं, आणि वहीत लिहून ठेवलं.

शंभरावी फेरी झाली तेव्हा मैमुना वर आली. मैमुना दाभोळची, सर्जिकल वॉर्डातली नर्स, तीन वर्षांची खोलीतली सोबतीण. अंगात काळा अबाया, हातात जपाची तसबी आणि एक कागद.

‘काय गो, येडी का खुळी तू?’ ती दारातूनच ओरडली. ‘मी खाली सगळे मजले पालथे घातले. बस आली बघ फाटकात. आणि ही बाय इथं घोड्यासारखी!’

‘मोजतेय मी,’ दमयंती जाता जाता म्हणाली.

‘मग मोज नि ये. सई कर एवढी.’ दमयंती कोपरा वळून पुन्हा समोर येईतो मैमुना थांबली. ‘तुझं एकटीचं नाव बिनसईचं उरलंय. हापिसातला मुदीर डोळे वटारतोय माझ्यावर. आमच्या भावाचा, अलीचा फोन आलेला, वाटेवरल्या राबिघहून. भाभीनं आपल्या दोघींचं जेवण टाकलंय म्हणे उद्याचं. रईसाभाभी मासे करील, तुला चालत नाय तर भाजी करील, पण चल.’

‘चिमटे लावशील?’

‘काय?’

‘दर दहा फेऱ्यांना एक. त्या दोरीवरनं ह्या दोरीवर. दहा झालेत.’

मैमुनानं तिच्याकडे पाहिलं. मग कागद अबायाच्या आत सरकवला, पालथ्या बादलीवर बसली आणि चिमट्यांची दोरी जवळ ओढली. ‘वॉर्डात पल्स मोजायच्या, हितं तुला मोजायची,’ ती पुटपुटली. ‘माझ्या नशिबाला सुट्टीच नाय.’

एकशे चाळीस. चौदावा चिमटा लागला. नेहमीच्या सवयीनं दमयंतीचा हात दाराच्या कडीकडे उठला. पायही मंदावले. इथं थांबायचं हे शरीराला इतकं पाठ होतं की पुढचं पाऊल टाकताना, पायरी आहे समजून नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं झालं. आजूबाजूला रान होतं. ओल होती, वरून गळणारा हिरवा उजेड. तर इथं थांबत होते मी, तिला वाटलं. वाईट जागा नव्हती ती. कुणी तिथं जन्मभरही सुखानं थांबेल.

‘चौदा,’ मैमुना म्हणाली. ‘तुझे चौदाच असतात ना? खलास?’

‘आणखी सत्तर.’

‘सत्तर काय?’

‘फेऱ्या. माप चुकलं होतं. तू दिलेलं बँडेज मी न ताणता लावलं.’

पुढची फेरी होईतो मैमुनानं त्यावर विचार केला. ‘क्रेप बँडेज न ताणता कोण लावतो, माझे आये?’ ती म्हणाली. ‘पैल्या वर्षाच्या पोरीला पण कळतं. सैल लावलंस तर बांधलंस कशाला!’ आणि ती हसली, नेहमीसारखी मोठ्यानं, आणि हसता हसताच तिच्या लक्षात काहीतरी आलं असावं, कारण हसणं मध्येच विरलं. तसबीचे मणी तिच्या बोटांतून आपले आपण पुढं जात राहिले. पंधरावा चिमटा. सोळावा. सतराव्याला तिनं विचारलं, ‘बाळकृष्णभावजी मुंबईला येऊन उभे राहणार ना?’

दमयंती कोपऱ्यावर होती. फिरून समोर यायला तिला बेचाळीस मीटर लागले.

‘आज फोन करते त्यांना.’

‘भीती नाय वाटत तुला?’

पुन्हा बेचाळीस मीटर. ‘वाटते.’

‘ती डॉक्टरीण काय राहा म्हणाली काय?’

‘नाही. किल्ली कुठंय ते विचारलं फक्त.’ पुढच्या फेरीला तिनं उरलेलं वाक्य सांगितलं. ‘तेरा मेला करार संपतो माझा. तेव्हा येईन.’

रान संपलं. गल्ली लागली. तिचे घोटे दुखत होते, एकाच बाजूला वळून वळून उजवा गुडघा तापला होता, आणि घशात लोखंडाची चव होती. टेकडी तिला इतकी उभी कधी आठवत नव्हती. मिसेस रॉबसन इथं पुढं गेल्यावर मागं वळून बघत नसत. फक्त हात मागं करून दोनदा बोटं हलवत, ये, ये. खाली फाटकाशी हॉर्न वाजला, लांब, आणि कुणीतरी ‘यल्ला, यल्ला’, चला, चला, म्हणून ओरडलं. मैमुना उठून उभी राहिली. तिनं कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं, पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

‘तुझ्या नावापुढं काय सांगू त्यांना?’

‘थांबली म्हणून सांग.’

‘बस थांबायची नाय, दमयंती.’

‘माहितेय.’

मैमुनानं एकोणिसावा चिमटा दोरीला लावला. मग राहिलेले दोन काढून हातात घेतले आणि पट्टीच्या कडेला येऊन उभी राहिली, हात पुढं करून. दमयंती आली, तशीच धावत, आणि तिनं ते दोन चिमटे दमयंतीच्या तळव्यात दाबले. बोटं क्षणभर बोटांत अडकली. ‘एकशे नव्वद,’ मैमुना म्हणाली. ‘पुढचे तुझे तू मोज.’ आणि ती जिन्यानं उतरली. एक पायरी सोडून एक, अबाया दोन्ही हातांनी वर धरून.

दोनशेच्या आसपास, माथा आला. कठडा होता तेवढाच उंच होता, पश्चिमेच्या उन्हानं त्याची कड पिवळी झाली होती, आणि तिला समोर ते दिसलं. तिला वाटलं होतं तसं ते मोठं नव्हतं. झाडांच्या शेंड्यांच्या वर, दुपारच्या फिक्या आभाळात, तीन बुरूज, एखाद्या नेहमीच्या गोष्टीसारखे. तिनं बघून घेतलं. पर्समध्ये काही शोधायचं नव्हतं. खाली बस सुरू झाल्याचा आवाज आला, गिअर बदलल्याचा, मग फाटकाच्या लोखंडाचा, आणि मग तो आवाज लांब जाता जाता रस्त्यावरच्या बाकी आवाजांत मिसळला. तोवर ती दगडी पूल ओलांडून खालच्या पायवाटेला लागली होती. उतारावर पाय आपोआप पडत होते. दोनशे दहाव्या फेरीला तिनं दाराच्या कडीला हात लावला. कडी गार होती. एकविसावा चिमटा दोरीला लावला, आणि मग काही वेळ दारालाच टेकून, तोंड उघडं टाकून, श्वास घेत राहिली.

पाच वाजता ती इस्पितळाच्या टेलिफोनच्या खोलीत होती, केस ओले, पांढरा कोट अंगात. रांगेत तिच्यापुढं कुणीच नव्हतं. दुकानदारानं वर हाक मारल्याचं ऐकू आलं, मग लाकडी जिन्यावरची बाळकृष्णाची पावलं, मोजता येतील अशी.

‘निघालीस का?’

‘नाही. मी थांबतेय. करार पुरा करून येते.’

ताऱ्यांमधून यावा तसा तो खरखरीचा आवाज तेवढा येत राहिला. पलीकडं दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. ही वेळ ती नेहमी भरून काढी. ‘पण तुम्ही म्हणत असाल तर’ असं काहीतरी अलगद मध्ये ठेवी. ते वाक्य आताही जिभेवर आलं. तिनं ते तसंच धरून ठेवलं. मिनिटं सरत होती.

‘मी रजेचा अर्ज दिला होता,’ शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता, आणि तो लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. ‘उद्याच्या गाडीचं रिझर्व्हेशन होतं.’

‘हो.’

‘तू बघते म्हणालीस.’

‘म्हणाले. चुकलं माझं. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.’

पुन्हा खरखर. मग, ‘किती दिवस?’

तिनं मनात जानेवारीचे आठ धरले, फेब्रुवारीचे अठ्ठावीस, मग मार्च, एप्रिल आणि मेचे तेरा. मग पुन्हा एकदा, उलटीकडून, ताळा म्हणून.

‘एकशे दहा,’ ती म्हणाली.

‘नक्की?’

‘दोनदा मोजलेत.’

त्यानं फोन ठेवला नाही. दमयंती रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिली. सहाला बराच वेळ होता, आणि नमुने लावण्याआधी कंट्रोल लावायचा होता.